गोडाची आणि तिखटाची गाठ: एका पिझ्झाच्या नोंदी

शनिवार, ४ जानेवारी

गेल्या रविवारी ताई आणि भाची जेवायला होत्या. त्यांना जो 'गोड-तिखट पिझ्झा' खाऊ घातला, त्याचा पंचनामा विसरायच्या आत लिहून ठेवतो.

केलं ते असं. टोमॅटो सॉसमध्ये तीन चमचे मध आणि दोन चमचे चिली फ्लेक्स ढवळले, बेसवर सढळ हाताने पसरले, वर चीज, त्यावर डब्यातला अननस, आणि शोभा म्हणून पुन्हा मधाची धार. ओव्हन तापेल तेवढा तापवून पिझ्झा आत ढकलला. बारा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा मध्यभागी तळं आणि काठावर कोळसा. ट्रेवर सांडलेला मध करपून असा काही बसला होता की तो खरवडण्यात सोमवारची सकाळ गेली.

ताईने एक तुकडा पुरता संपवला, हे तिचे उपकार. मग ग्लासभर पाणी पिऊन म्हणाली, "आधी नुसतं गोड लागलं. मग ते गेलं आणि नुसतं तिखट लागलं. दोघांची गाठ कधी पडणार होती?"

भाचीचं म्हणणं थोडक्यात होतं. "मामा, पुढच्या वेळी अननस वेगळा दे."

ताईच्या प्रश्नाने आठवडाभर पाठ सोडली नाही, म्हणून ही वही. ९ फेब्रुवारीच्या रविवारी दोघी पुन्हा येणार आहेत. तोवर गोडाची नि तिखटाची एकाच घासात गाठ घालून द्यायची. नियम दोनच: सगळं काट्यावर मोजायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

रविवार, ५ जानेवारी

आधी पीठ. बेसच धड नसेल तर वरचे प्रयोग कशाला?

मैदा २७० ग्रॅम, पाणी १६७, मीठ साडेपाच, तेल साडेपाच, इन्स्टंट यीस्ट १ ग्रॅम. बेकरीवाले मापं टक्केवारीत सांगतात: मैदा कायम १००, बाकी सगळं त्याच्या हिशेबाने. माझं पाणी ६२ टक्के, मीठ २ टक्के, तेलही २. या पद्धतीचं सुख असं की दोघांऐवजी सहा जण जेवायला आले तरी नुसता गुणाकार करायचा. वरच्या मापात साधारण २२० ग्रॅमचे दोन गोळे होतात आणि एका गोळ्याचा २५ सेंटीमीटरचा पिझ्झा होतो.

१ ग्रॅम यीस्ट मोजायला स्वयंपाकघरातला काटा कुचकामी. तो शून्य आणि दोनच्या मध्ये कुठेतरी विचार करत बसतो. शेवटी मापाचा पाव चमचा, किंचित वर, असं ठरवून टाकलं.

मैदा आणि पाणी नुसतं कालवून वीस मिनिटं झाकून ठेवलं. मैद्यातली प्रथिनं पाणी पिऊन आपली आपण जाळं विणायला लागतात, आपले दंड तेवढेच वाचतात. नंतर यीस्ट, मीठ, तेल घालून आठ मिनिटं मळलं. पहिली तीन मिनिटं नकोशी असतात. पीठ बोटांना, परातीला, मनगटाला चिकटतं आणि मूठभर मैदा वरून टाकायचा मोह होतो. टाकला नाही. चौथ्या-पाचव्या मिनिटाला ते एकदम परात सोडतं. सुपारीएवढा तुकडा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणला, खिडकीसमोर धरला. पलीकडच्या उजेडात बोटांची सावली दिसली आणि पडदा फाटला नाही, म्हणजे झालं.

दोन्ही गोळे तेल लावलेल्या डब्यात, झाकण लावून, फ्रिजमध्ये. बुधवारी काढीन. थंडीत यीस्टची चाल मंदावते, पण पिठात चव तयार होण्याचं काम चालू राहतं. दोन तासांत फुगवलेलं पीठ आणि तीन दिवस मुरलेलं पीठ यांतला फरक, एकदा खाल्ला की परत घाई करवत नाही.

सोमवार, ६ जानेवारी

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. कामाचं किती निघालं देव जाणे, पण लिहून ठेवतो.

हवाई नावाचा पिझ्झा हवाईतला नाही, कॅनडातला. ग्रीसमध्ये जन्मलेल्या सॅम पॅनोपुलोस यांनी १९६२ मध्ये ओंटारिओतल्या चॅथममध्ये आपल्या रेस्टॉरंटात पिझ्झावर डब्यातला अननस घालून पाहिला. नाव पडलं ते त्या डब्याच्या ब्रँडवरून. २०१७ मध्ये आइसलंडचे राष्ट्राध्यक्ष गमतीत म्हणाले की जमलं असतं तर अननसावर बंदीच घातली असती. मग एवढा गदारोळ झाला की आपल्याला तसे अधिकार नाहीत असा खुलासा त्यांना करावा लागला. तेव्हा अननसावरून भांडणारं आमचंच घर नाही.

मिरची घातलेला मध पिझ्झावर ओतायची पद्धत त्यामानाने अलीकडची. माइक कर्ट्झ नावाच्या माणसाने तो ब्राझीलमध्ये चाखला आणि २०१० च्या सुमारास ब्रुकलिनमधल्या एका पिझ्झेरियात स्वतः बनवून घालायला सुरुवात केली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की हा मध भाजून झालेल्या पिझ्झावर घालतात. मी भाजायच्या आधी ओतला होता.

आणि एक. मिरचीचा तिखटपणा मोजायची पट्टी विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं, चाखणाऱ्यांना तिखट कळेनासं होईपर्यंत. म्हणजे तिखट मापायलाही शंभर वर्षांपूर्वी गोडच हाताशी धरलं होतं.

बुधवार, ८ जानेवारी

आज गोड नाही, तिखट नाही. फक्त ओव्हनची परीक्षा.

बटण २५० अंशांवर. दिवा वीस मिनिटांत विझला, म्हणजे ओव्हनच्या मते तो तापला. आत ठेवलेला थर्मामीटर २२० दाखवत होता. दिव्यावर भरवसा ठेवायचा नाही. पाऊण तासाने २४०, त्याच्या वर गेलाच नाही. नेपल्सच्या पिझ्झाचे नियम सांभाळणारी संघटना १९८४ पासून आहे, तिच्या नियमांत ओव्हनचा घुमट सुमारे ४८५ अंश आणि भाजायचा वेळ ६० ते ९० सेकंद. माझ्याकडे त्याच्या निम्मी आच. म्हणजे मी जे काही पिझ्झावर घालीन ते आठ-दहा मिनिटं सुकत आणि करपत राहणार. सगळं नियोजन हे धरून.

पहिला गोळा नेहमीच्या ट्रेवर: बारा मिनिटं, वरून ठीक, खालून पांढराफटक. दुसरा गोळा बिडाचा तवा उपडा घालून त्याच्या पाठीवर: आठ मिनिटं, खालून तांबूस ठिपके, उचलला तर ताठ. तवा पाऊण तास ओव्हनबरोबरच तापू दिला होता. जड लोखंड उष्णता साठवून ठेवतं आणि पीठ टेकताक्षणी भडाभडा देऊन टाकतं. पातळ ट्रेकडे द्यायला काही नसतंच. ट्रे बाद.

शनिवार, ११ जानेवारी

तिखटाची बाजू. आणि फजिती.

वाळलेल्या लाल मिरच्या हाताने मोडून बिया झटकल्या. सगळे सांगतात तिखट बियांत असतं. नसतं. ते असतं बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या फिकट शिरेत. बियांना जे लागतं ते संगतीने. त्या शिरा मी नखाने खरवडून काढत होतो, हातमोजे न घालता, आणि अर्ध्यात चष्मा सरकला म्हणून डोळ्याच्या कडेला बोट लावलं. पुढची वीस मिनिटं बेसिनपाशी.

त्यातून सावरून तेल तापवायला ठेवलं. थर्मामीटर होता, पण डोळ्यातून पाणी वाहत असताना आकडा दिसणार कसा? मिरची टाकली तर ती क्षणात काळी पडली आणि असा ठसका उठला की शेजारच्यांनी दार वाजवलं. खिडक्या उघडून दोघं बाहेर उभे राहिलो. ते म्हणाले, "काही जळतंय का?" म्हटलं, "प्रयोग चाललाय."

दुसरी खेप रात्री, शहाणपणाने. तेल ६० ग्रॅम, मिरचीचा भरड चुरा १० ग्रॅम, आच अगदी मंद, तापमान १२० च्या खालीच ठेवलं. मिरचीभोवती बारीक बुडबुडे यायला लागले की बंद. रंग केशरी-लाल, वास खमंग, करपट अजिबात नाही. गाळून बाटलीत, बाटली फ्रिजमध्ये.

रविवार, १२ जानेवारी

तीन वाट्या. तीच मिरची, तेवढंच वजन: एकीत कालचं तेल, दुसरीत कोमट मध, तिसरीत व्हिनेगर. रात्रभर ठेवून आज पावाच्या तुकड्याला लावून चाखलं.

तेल सर्वांत जहाल. व्हिनेगर बेताचं. मध सर्वांत सौम्य, पण त्याला मिरचीचा वास छान लागला होता, फळासारखा. हिशेब बरोबर आहे. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन तेलात सहज विरघळतं, पाण्यात जेमतेम. मधात तर तेल नाहीच.

मधासाठी पाककृती पक्की केली: मध १०० ग्रॅम, सुक्या मिरचीचा चुरा ८ ग्रॅम, ८० अंशांपर्यंत हळू तापवून बंद, अर्धा तास तसाच, मग गाळायचा. वर एक छोटा चमचा व्हिनेगर आणि चिमूटभर मीठ. व्हिनेगर नसलेला मध जिभेवर जाड बसतो, घासाला उठू देत नाही. ती एक चमचाभर आंबट धार फार काम करते.

ओली मिरची नको. मधात पाणी १७-१८ टक्केच असतं म्हणून तो टिकतो. त्यात ओलं काही घातलं की आंबायची भीती. कच्चा लसूण मधात घालून ठेवायची फार इच्छा होती, तीही सोडली: लसणाबरोबर बोट्युलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जंतू येऊ शकतात, बंद बाटलीत त्यांना हवा तसा निवारा मिळतो, आणि ते विष वासाने कळत नाही. लसूण त्या त्या दिवशी सॉसमध्ये. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध कुठल्याच रूपात द्यायचा नाही, भाजलेल्या पिझ्झावरचाही नाही. पाहुण्यांत कडेवरचं मूल असलं की आधी विचारायचं.

शनिवार, १८ जानेवारी

या वहीतला आजवरचा सर्वांत उपयोगी दिवस.

एकच पिझ्झा, चार भाग. भागांच्या मध्ये पिठाचे बारीक बांध घातले, म्हणजे एकाचा मध दुसऱ्यात जाणार नाही. पहिल्या भागात मध सॉसमध्ये मिसळलेला. दुसऱ्यात चीजवर, भाजण्याआधी. तिसऱ्यात भाजून झाल्यावर. चौथ्यात मध नाहीच. प्रत्येक ठिकाणी ५ ग्रॅम.

ओव्हनच्या काचेला नाक लावून बसलो. तिसऱ्या मिनिटाला चीज सैल झालं. चौथ्याला दुसऱ्या भागातला मध उकळायला लागला; आधी मोठे आळशी बुडबुडे, मग बारीक, दाट, फेसासारखे. सहाव्या मिनिटाला त्या फेसाच्या कडा तांबड्या. सातव्याला त्याच कडा काळ्या, आणि शेजारच्या तीन भागांचं चीज अजून पांढरंच. मधात फ्रुक्टोज भरपूर, आणि ते ११० अंशांच्या आसपासच कॅरमल व्हायला लागतं. साध्या साखरेला १६० च्या आसपास जावं लागतं. म्हणजे चीजला रंग येईपर्यंत थांबलो तर मध मेला, आणि मधासाठी लवकर काढला तर चीज कच्चं.

चव. पहिला भाग: सॉस जॅमसारखा, बेसचा मधला भाग ओला, आणि टोमॅटोचा स्वभावच बदललेला. गोड कुठून येतंय ते कळत नाही, सगळंच थोडं थोडं गोड. दुसरा: कडू, काही ठिकाणी काचेसारखा कडक, पण खरं सांगायचं तर एक-दोन ठिकाणी जिथे जेमतेम तांबूस झाला होता तिथे सुरेख. भरवशाचा मात्र नाही. तिसरा: मधाला मधाचा वास. गरम चीजवर पडताच तो पाण्यासारखा पातळ होऊन चीजच्या भेगांत उतरला, आणि चिमटीने उचलला तर बारीक तार आली. चौथा: खारट, तिखट, बरा. पण तिसऱ्यानंतर खाल्ला तर काहीतरी विसरल्यासारखा.

मध भाजल्यावर. विषय संपला. फक्त ओव्हनमधून काढल्या काढल्या नको. एक मिनिट थांबायचं, चीजचं खदखदणं थांबलं की घालायचा. नाहीतर निम्मा ओघळून तव्यावर जातो.

रविवार, १९ जानेवारी

कालचा उरलेला तुकडा सकाळी थंडच खाल्ला. तोच तुकडा, तेच मिरचीचं तेल, पण तिखट निम्मंसुद्धा लागलं नाही.

याचं कारण सापडलं आणि फार आवडलं. कॅप्सेसिन मज्जातंतूवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतं, तोच ग्राहक भाजणारी उष्णताही ओळखतो, साधारण ४३ अंशांच्या वर. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाच्या गटाने तो १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. शरीराच्या लेखी मिरची ही चव नाही, चटका आहे. गरम पिझ्झावर दोन्ही चटके एकाच दारावर थाप मारतात. म्हणून तिखट किती घालायचं ते थंड सॉस चाखून ठरवायचं नाही. मी आजवर तसंच करत आलो.

शनिवार, २५ जानेवारी

आता मूळ प्रश्न: गाठ.

आज घड्याळ लावून खाल्लं. शास्त्रज्ञ हसतील, पण असो. तुकड्यावर मिरचीचं तेल आणि मिरचीचा मध, दोन्ही सर्वत्र सारखं. घास तोंडात घेतला की गोड लगेच, पहिल्या चावण्याला. तिखट नाही. गिळला तेव्हा गोड ओसरलं होतं आणि तिखटाची नुसती चाहूल लागली होती, जिभेच्या टोकाला मिरमिर. दहा-बारा सेकंदांनी ते पुरतं आलं, आणि तोंडात तेव्हा काहीच नव्हतं. अगदी ताई म्हणाली तेच.

साखर थुंकीत विरघळते आणि जिभेवरच काम करते. कॅप्सेसिनला आधी तेल-चीजच्या स्निग्धातून सुटायचं असतं, मग जिभेच्या त्वचेतून आत झिरपून मज्जातंतूंपर्यंत जायचं असतं. उशिरा येणार आणि उशिरा जाणार. मिरची कितीही वाढवली तरी ती लवकर येणार नाही, फक्त जास्त येईल. मी गेल्या महिन्यात नेमकं तेच करत होतो.

तुकडा उलटा करून खाऊन पाहिला, मध जिभेवर आणि बेस टाळ्याला. काही फरक नाही. शर्टावर चीज.

पाच घास नोंदवले आणि तिथे गंमत दिसली. दुसऱ्या घासाला पहिल्याचं तिखट हजर होतं. तिसऱ्या घासाला तोंड पेटलेलं आणि वरून नवीन गोड येऊन पडलं. तेव्हा झाली गाठ! म्हणजे एका घासातल्या गोडाची त्याच घासातल्या तिखटाशी गाठ कधी पडायचीच नाही. आधीच्या घासाच्या तिखटाशी पडते. मग पहिल्या घासात गोड घालून ते फुकट का दवडायचं?

तुकडा त्रिकोणी असतो आणि माणूस टोकाकडून काठाकडे खातो. पिझ्झाचा मध्य म्हणजे सगळ्यांचा पहिला घास. तेव्हा मिरचीचं तेल मध्यावर जास्त, काठाकडे कमी. मध मध्यावर अजिबात नाही, दोन-तीन बोटं सोडून सुरू करायचा आणि काठाकडे दाट करत न्यायचा.

रात्री पावणेअकराला हे सुचलं आणि फ्रिजमध्ये गोळा नव्हता.

मंगळवार, २८ जानेवारी

अननसाचा निकाल लावला. ताजा घेतला, बारीक फोडी, २०० ग्रॅम. कागदावर टिपून १८० अंशांवर अर्धा तास एकट्यालाच भाजला. १२० ग्रॅम उरला. ८० ग्रॅम पाणी गेलं, तेच पहिल्या दिवशीचं तळं. फोडींच्या कडा तांबूस झाल्या आणि आंबटपणा उठून आला, तो मला गोडापेक्षा जास्त हवा होता. ताज्या अननसात ब्रोमेलेन असतं, ते प्रथिनं तोडतं. कच्च्या फोडी चीजमध्ये मिसळून ठेवल्या तर चीज कडवट आणि पाणचट होतं. भाजल्यावर ते निकामी होतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न नाही, पाण्याचा आहेच.

मोझरेलाचंही तेच. पाण्यात ठेवलेल्या ताज्या गोळ्यात निम्म्याहून जास्त पाणी. घरच्या ओव्हनला कमी पाण्याचं, किसता येणारं चीजच बरं. एका पिझ्झाला ८० ग्रॅम. शंभर घातलं की चीज मिरची गिळून टाकतं. दुधातली प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ कॅप्सेसिनला धरून ठेवतात.

शनिवार, १ फेब्रुवारी

आज वाया. गुरुवारी मळलेल्या पिठात मीठ राहिलं. डबा उघडला तेव्हा गोळा झाकणाला टेकलेला. यीस्टला मिठाचा लगाम नसला की ते उधळतं. थापायला घेतला तर ओल्या कागदासारखा फाटला. तीन ठिकाणी ठिगळं लावून भाजला. चव म्हणजे पुठ्ठा. वरचं सगळं झकास असूनही पुठ्ठाच.

आता मीठ आधी मोजून परातीच्या शेजारी वाटीत ठेवायचं, वाटी रिकामी झाल्याशिवाय पीठ फ्रिजमध्ये जाणार नाही.

मध-तेलाची नवी मांडणी त्या फाटक्या पिझ्झावरही करून पाहिली. तिसऱ्या घासापर्यंत पोचलो. बरोबर आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

रविवारचं पीठ मळलं, चार गोळे. मिठाची वाटी रिकामी आहे. दोनदा पाहिली.

रविवार, ९ फेब्रुवारी

गोळे दुपारी चारला बाहेर काढले, दोन तास झाकून. फ्रिजमधला गार गोळा ताणला की आखडतो. सॉस न शिजवलेला: डब्यातले टोमॅटो हाताने कुस्करून, जास्तीचं पाणी गाळून, मीठ, किसलेला लसूण. एका पिझ्झाला ७० ग्रॅम. त्यात साखर नाही, मध नाही, मिरचीही नाही. चीज ८० ग्रॅम, भाजलेला अननस ४०, तोही काठाकडे. तव्यावर आठ मिनिटं, शेवटचं दीड मिनिट फक्त वरची आच.

काढला, एक मिनिट थांबलो. मिरचीचं तेल ६ ग्रॅम, चमच्याने मध्यापासून गोल गोल फिरवत, बाहेर जाताना हात आखडता. मिरचीचा मध १२ ग्रॅम, मधली तीन बोटं जागा सोडून, काठापाशी दाट. वर जाड मीठ, अगदी किंचित. सहा तुकडे.

ताईने टोक खाल्लं. "तिखट आहे. गोड कुठंय?"

मी गप्प. दुसरा घास. तिसऱ्या घासाला ती चावता चावता थांबली, हात वर केला, "थांब, आत्ता," म्हणाली आणि तुकडा संपेपर्यंत काही बोलली नाही. संपल्यावर दुसरा उचलला. पाण्याचा ग्लास भरलेलाच राहिला.

मी विजयी मुद्रेने भाचीकडे वळलो. ती तुकडा उलटा धरून काठाकडून खात होती. जाड, मधाळ, अननसाचा भाग आधी, आणि निव्वळ तिखटाचं टोक शेवटी. डोळ्यांत पाणी.

"असं का खातेस?"

"मामा, मी कायम असंच खाते. मला काठ आवडतो."

ताई म्हणाली, "तिच्या लहानपणापासून पाहतोयस. महिनाभर एवढं सगळं लिहीत बसलास, हे नाही लिहिलंस?"

दुसऱ्या पिझ्झाचे दोन तुकडे तिच्यासाठी वेगळे केले: मध मध्यावर, तेल काठावर. काठ फुगीर असल्याने तेल खाली घरंगळत होतं, ब्रशने लावावं लागलं. तिने काठाकडून सुरुवात केली, तिसऱ्या घासाला मान डोलावली आणि अननस वेगळा मागितला नाही. मधला भाग खाताना मध कोपरापर्यंत ओघळला.

उरलं ते: मिरचीचं तेल अर्धी बाटली, आठवडाभरात संपवायचं. मध दाणेदार व्हायला लागलाय, बाटली कोमट पाण्यात ठेवायची. एक गोळा फ्रिजमध्ये, मंगळवारपर्यंत चालेल. काठाला तेल लावायचं ते भाजण्याआधी लावलं तर मुरेल का, हे त्या गोळ्यावर बघायचं.